४८ विद्यार्थी, १० आठवडे: वर्गात वापरून पाहिलेला ‘स्टुडंटलाइफ’ डेटासेट

विद्यार्थ्यांच्या ताणतणावावर प्रकल्प करायचा म्हटला की आपल्याकडच्या पदव्युत्तर वर्गांचा मार्ग जवळपास ठरलेला असतो. एखादी प्रचलित प्रश्नावली घ्यायची, तिचा गूगल फॉर्म करायचा, तो वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा, दोन-तीनदा आठवण करून शंभरेक उत्तरे गोळा करायची, मुलगे आणि मुली यांच्या सरासरीत फरक आहे का ते टी-चाचणीने पाहायचे आणि शेवटच्या प्रकरणात ‘समुपदेशनाची नितांत आवश्यकता आहे’ असे लिहून प्रबंधिका बाइंडिंगला द्यायची. उत्तरे देणारे विद्यार्थीच असतात आणि प्रकल्प करणारेही विद्यार्थीच असतात, पण उत्तर देताना नेमके काय घडते आणि त्या उत्तराचा पुढे आकडा कसा होतो, याचा विचार दोघांपैकी कोणीही केलेला नसतो. या चाकोरीबाहेरचे काहीतरी हवे म्हणून संशोधनपद्धतीच्या तासाला मी अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजचा ‘स्टुडंटलाइफ’ हा मोफत डेटासेट वापरत आलो आहे. विद्यार्थ्यांना ताणाच्या संशोधनात उत्तरे भरणारे म्हणून नव्हे, तर उत्तरे वाचणारे आणि तपासणारे म्हणून सामील करून घ्यायचे असेल, तर यापेक्षा चांगले फुकटचे साधन माझ्या पाहण्यात नाही. विद्यार्थ्यांच्या ताणाविषयी सर्वसाधारण निष्कर्ष काढण्यासाठी मात्र तो घेऊ नये, आणि त्याची नक्कल आपल्या महाविद्यालयात जशीच्या तशी तर मुळीच करू नये.

आधी वस्तू काय आहे ते सांगतो. न्यू हॅम्पशर राज्यातील हॅनोव्हर या छोट्या गावात डार्टमथ कॉलेज आहे. तिथले संगणकशास्त्राचे प्राध्यापक अँड्र्यू कॅम्पबेल यांनी २०१३ च्या वसंत सत्रात, स्मार्टफोन प्रोग्रॅमिंगच्या आपल्याच वर्गातील विद्यार्थ्यांच्या फोनमध्ये एक अ‍ॅप बसवले. ज्यांच्याकडे अँड्रॉइड फोन नव्हता त्यांना नेक्सस ४ दिला. सुरुवात ६० जणांनी केली. सात जणांनी अभ्यास सोडला, पाच जणांनी तो विषयच सोडला आणि दहा आठवड्यांच्या शेवटी ४८ जण उरले. त्यांपैकी ३० पदवीचे आणि १८ पदव्युत्तर, ३८ मुलगे आणि १० मुली. अ‍ॅप दिवसरात्र चालू असे. हालचाल, उजेड, आसपासचा आवाज, जागा, जवळपासची ब्लूटूथ उपकरणे यांची ते आपोआप नोंद करी आणि शिवाय मधूनमधून छोटे प्रश्नही विचारी. आवाजाच्या बाबतीत संभाषण ध्वनिमुद्रित केले जात नसे. शांतता, माणसाचा आवाज की नुसता गोंगाट एवढेच फोन ठरवी, तेही एक मिनिट ऐकून तीन मिनिटे थांबण्याच्या क्रमाने. रुई वांग हे पहिले लेखक असलेला शोधनिबंध २०१४ मध्ये सिअ‍ॅटल येथील परिषदेत सादर झाला आणि नावे काढून टाकलेली सगळी माहिती कोणालाही उतरवून घेता येईल अशी खुली करण्यात आली. सुमारे ५३ जीबी माहिती आणि विद्यार्थ्यांनी स्वतः दिलेली ३२ हजारांच्या आसपास उत्तरे, असे त्याचे आकारमान निबंधात दिले आहे. दाबलेली (कॉम्प्रेस केलेली) फाइल पुष्कळ लहान आहे, परंतु उलगडल्यावर महाविद्यालयाच्या जुन्या संगणकाला धाप लागते; म्हणून ती आधी एकदाच उलगडून गरजेचे फोल्डर तेवढे विद्यार्थ्यांना द्यावेत.

मांडणी मोकळी आणि समजण्यासारखी आहे. सहभागी विद्यार्थ्यांना नावांऐवजी यू-शून्यपासून सुरू होणारे क्रमांक आहेत आणि सोडून गेलेल्यांचे क्रमांक मध्येच गाळलेले दिसतात. फोनच्या संवेदकांच्या (सेन्सरच्या) नोंदी एका फोल्डरात, प्रश्नोत्तरे दुसऱ्यात, सत्राच्या आधी आणि नंतर भरून घेतलेल्या प्रश्नावल्या तिसऱ्यात, आणि गुण, विषय व सबमिशनच्या तारखा चौथ्यात. जेवणाच्या नोंदींच्या फोल्डरच्या नावात इंग्रजी ‘एन’ एक जादा पडला आहे, तो कोणी दुरुस्त केलेला नाही. आज्ञावली लिहिताना हा जादा ‘एन’ लक्षात ठेवला नाही तर फाइल सापडत नाही.

या डेटासेटची खरी शिकवण मात्र एका साध्या प्रश्नात आहे. दिवसात कधीतरी अ‍ॅप विचारते, आत्ता कसे वाटते आहे? पाच पर्याय आहेत. उत्तरांच्या फाइलमध्ये १ म्हणजे थोडा ताण, २ म्हणजे नक्कीच ताण, ३ म्हणजे ताणाने हैराण, ४ म्हणजे बरे वाटते आहे आणि ५ म्हणजे छान वाटते आहे. घाईघाईने सरासरी काढणाऱ्याला यात काहीच वावगे दिसत नाही. आकडे १ ते ५ आहेत, आलेख सुबक येतो, आणि सर्वांत मजेत असलेला विद्यार्थी सर्वांत ताणग्रस्त ठरतो. मी वर्गाला ही फाइल देताना पर्यायांची यादी वेगळ्या कागदावर ठेवतो आणि ती मागण्याची बुद्धी कोणाला होते ते पाहतो. बहुतेकांना ती आलेख काढून झाल्यावरच होते. मग पाचाचा एक, चाराचा दोन, एकाचा तीन, दोनाचा चार आणि तीनाचा पाच अशी अदलाबदल करून पुन्हा आलेख काढला की रेषेचा चेहराच बदलतो. इथपर्यंत ही निव्वळ आकडेमोडीतली सावधगिरी झाली. त्यापुढची चर्चा अधिक मोलाची असते. ‘बरे वाटते’ आणि ‘थोडा ताण’ यांच्यामधले अंतर, ‘थोडा ताण’ आणि ‘नक्कीच ताण’ यांच्यामधल्या अंतराएवढे आहे असे कोणी ठरवले? ज्याला बरेही वाटते आहे आणि ताणही आहे, अशा विद्यार्थ्याने कुठे बोट ठेवायचे? सबमिशन वेळेत पूर्ण होणार या उत्साहात रात्र जागवणारी मुलगी या पाच पर्यायांत कुठे बसते? हे प्रश्न वर्गातून येतात, शिक्षकाला ते सुचवावे लागत नाहीत, कारण समोरची उत्तरे त्यांच्याच वयाच्या मुलांनी दिलेली असतात.

झोपेच्या प्रश्नातही असाच खड्डा आहे. काल रात्री किती तास झोपलात, याचे उत्तर तासांत साठवलेले नसून पर्यायाच्या क्रमांकात साठवलेले आहे. १ म्हणजे तीन तासांपेक्षा कमी, २ म्हणजे साडेतीन, ३ म्हणजे चार, असे अर्ध्या अर्ध्या तासाने वाढत जाऊन १९ म्हणजे बारा तास. फाइलीत आठचा आकडा पाहून ‘आठ तास झोप, उत्तम’ असे लिहिणाऱ्याला ती झोप साडेसहा तासांची होती हे कळत नाही. त्यातच घड्याळाचा घोळ. नोंदींच्या वेळा सेकंदांच्या एका लांबलचक आकड्यात दिलेल्या आहेत आणि आपण वेळेचा पट्टा (टाइम झोन) सांगितला नाही तर ‘आर’सारखी आकडेमोडीची संगणकप्रणाली त्या थेट भारतीय वेळेत दाखवते. वसंत सत्रात हॅनोव्हर आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. त्यामुळे रात्री एकला झोपून सकाळी आठला उठलेला मुलगा आपल्या पडद्यावर सकाळी साडेदहाला झोपतो आणि संध्याकाळी साडेपाचला उठतो. अमेरिकेतल्या मुलांच्या उलट्या दिनचर्येवर एखादा गट पानभर विवेचन करून आणतो, ते वाचून दाखवण्यात मजा असते. परंतु त्या निमित्ताने, आकडा आपल्या अपेक्षेशी जुळला की आपण तो तपासत नाही, हेही वर्गाच्या ध्यानात येते.

प्रश्नावल्यांबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही, कारण त्या आपल्याकडेही रुळलेल्या आहेत. शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ताणाच्या मोजपट्टीची दहा प्रश्नांची आवृत्ती इथे आहे; तिच्यातील चार प्रश्न सकारात्मक असल्याने त्यांचे गुण उलटे करावे लागतात आणि बेरीज ० ते ४० या टप्प्यात येते. नैराश्याची नऊ प्रश्नांची पीएचक्यू प्रश्नावली, एकटेपणाची आणि मानसिक सुस्थितीची मोजपट्टी हेही सत्राच्या दोन्ही टोकांना भरून घेतलेले आहे. बहुतेक उत्तरे शब्दांत साठवलेली असल्याने गुण देण्याचे काम विद्यार्थ्यांना स्वतःच करावे लागते, आणि ते चांगलेच आहे. सत्राअखेरची प्रश्नावली सर्वांनी भरलेली नाही. ज्यांनी भरली नाही ते कोण होते, त्यांचा सुरुवातीचा गुण काय होता, हे काढायला लावावे. गळती ही केवळ तळटीप नसते, हे त्यातून जितके स्पष्ट होते तितके व्याख्यानातून होत नाही. मनःस्थिती विचारण्याची एक वेगळी रीतही इथे पाहायला मिळते: सोळा छायाचित्रांच्या चौकटीतून आपल्या आत्ताच्या मनाशी जुळणारे एक निवडायचे. ही कॉर्नेल विद्यापीठात तयार झालेली पद्धत आहे आणि दिवसातून अनेकदा विचारायचे असेल तर शब्दांच्या प्रश्नापेक्षा ती कमी जाचक आहे.

मला स्वतःला सर्वांत आवडणारा भाग म्हणजे ऐनवेळी घातलेले प्रश्न. १५ एप्रिल २०१३ रोजी बॉस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. बॉस्टन तिथून मोटारीने दोन-अडीच तासांवर, आणि अ‍ॅपमध्ये त्याविषयी प्रश्न आला. त्याच महिन्यात, नव्याने प्रवेश मिळालेल्यांच्या स्वागतसमारंभात काही विद्यार्थ्यांनी लैंगिक अत्याचार आणि वंशभेद यांविषयी निदर्शने केली, निदर्शकांना इंटरनेटवरून धमक्या आल्या आणि २४ एप्रिलला कॉलेजने दिवसभराचे तास रद्द केले. त्याबद्दलही प्रश्न आहेत. मे महिन्यातल्या ‘ग्रीन की’ या मौजमजेच्या सुट्टीबद्दल आहेत. एवढेच कशाला, कॅम्पबेल सरांचे विनोद रटाळ असतात का, हाही प्रश्न आहे, आणि त्याची उत्तरे जगापुढे खुली आहेत. ताण म्हणजे परीक्षा आणि सबमिशन, असे समीकरण मांडून बसलेल्या विद्यार्थ्यांना हा भाग उघडून दाखवावा. आवारात काहीतरी घडते, वातावरण तंग होते, कोणी घाबरते, कोणी चिडते, आणि त्याच आठवड्यात जावा किंवा अर्थशास्त्राची असाइनमेंटही द्यायची असते. वर्षातून एकदा भरून घेतलेल्या फॉर्ममध्ये यातले काहीच उतरत नाही.

मूळ अभ्यासाचे निष्कर्ष थोडक्यात असे. सत्राच्या सुरुवातीला मुले उत्साहात असतात, बोलतात, झोपतात, फिरतात. कामाचा भार वाढू लागला की ताण वाढतो आणि झोप, गप्पा, हालचाल या तिन्ही गोष्टी उतरणीला लागतात. कमी झोप आणि कमी संभाषण यांचा नैराश्याच्या गुणांशी संबंध दिसला. सबमिशनच्या तारखांची फाइल घेऊन तिच्यावर ताणाचा आलेख बसवणे हा विद्यार्थ्यांच्या पसंतीचा सराव आहे, आणि त्यात आपल्याकडच्या ओरल, प्रॅक्टिकल, जर्नल आणि केटी (मागे राहिलेले विषय) यांच्या गर्दीची आठवण निघाल्यावाचून राहत नाही. वर्गातील उपस्थिती आणि गुण यांच्यात त्यांना अर्थपूर्ण संबंध आढळला नाही. हा निष्कर्ष माझ्या वर्गाच्या जितका लक्षात राहतो तितका दुसरा कोणताही राहत नाही. २०१५ मध्ये याच माहितीवरून ३० पदवी विद्यार्थ्यांच्या सरासरी गुणांचा अंदाज फोनच्या नोंदींवरून बांधणारा आणखी एक निबंध आला. तो वाचायला द्यावा, पण ३० माणसे आणि शेकडो चलराशी (व्हेरिएबल) असल्या की अंदाज बरोबर येण्यात आश्चर्य कितपत, हा प्रश्न त्यासोबत द्यावा.

आता दोष. पहिला उघडच आहे: एका श्रीमंत खासगी कॉलेजातील, संगणकाच्या एकाच वर्गातील, बहुतांशी मुलगे असलेला हा गट आहे. शितावरून भाताची परीक्षा करायची तर शीत त्याच भातातले तरी हवे. डार्टमथची मुले आवारातच राहतात, तिथेच जेवतात, आणि त्यांचे सत्र दहा आठवड्यांचे असते. कल्याणहून लोकलने फोर्टात येणाऱ्या मुलीची हालचाल, किंवा पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाचे ‘संभाषण’, त्या अ‍ॅपला काय दिसले असते? फोन केवळ जवळपास बोलणे चालू आहे एवढेच ओळखतो, आपला माणूस बोलतो आहे की नुसता ऐकतो आहे हे त्याला कळत नाही. एका खोलीत चार जण रात्री दोनपर्यंत बोलत असतील आणि पाचवा डोक्यावर पांघरूण घेऊन पडला असेल, तर त्या पाचव्याच्या नावावर भरपूर सामाजिक संपर्क जमा होईल.

दुसरा दोष मला अधिक गंभीर वाटतो. शिक्षकाने स्वतःच्याच वर्गातून सहभागी घेतले आहेत. डार्टमथमध्ये नैतिकता समितीची मान्यता होती, सहभाग ऐच्छिक होता आणि जे सोडून गेले त्यांची संख्या निबंधात प्रामाणिकपणे दिली आहे. प्रोत्साहन म्हणून टी-शर्ट होते, आणि हातात बांधायची उपकरणे व नेक्सस फोन यांची सोडत होती. तरीही, ज्यांच्या हातात आपले गुण आहेत ते सर आपली झोप आणि आपला ताण जाणून घेऊ इच्छितात, तेव्हा नाही म्हणणे किती जणांना सोपे जाते? आपल्याकडे तर ‘सरांनी सांगितले आहे’ एवढे वाक्य पुरते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांमध्ये, अशा अधिकाराच्या उतरंडीत असलेल्या विद्यार्थ्यांना विशेष संरक्षण देण्याची अपेक्षा आहे, ती याचसाठी. पहिल्या वर्षाच्या वर्गात अठरा पूर्ण न झालेली मुलेही असतात आणि त्यांच्याबाबत पालकांच्या संमतीचा प्रश्न वेगळा उभा राहतो.

नावे काढली तरी ओळख पुसली जाते असे नाही, हेही इथे दिसते. जागेच्या नोंदी अक्षांश-रेखांशांसह आहेत, वर्ग कोणता ते जाहीर आहे, विषय आणि गुण शेजारच्या फाइलीत आहेत. त्या वर्गात बसलेल्या कोणाला आपल्या मित्राचा क्रमांक ओळखणे फार अवघड गेले नसते. पीएचक्यू प्रश्नावलीचा नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या किंवा मरणाच्या विचारांविषयी आहे, आणि तेव्हा आपले उत्तर दुसऱ्या खंडातल्या एखाद्या वर्गात तासाला उघडले जाईल याची कल्पना उत्तर देणाऱ्याला कितपत असेल, याची मला शंका आहे. म्हणून मी वर्गात जागेच्या नोंदी आणि नववा प्रश्न हे दोन्ही काढून टाकून मगच फाइली देतो. विद्यार्थ्यांना तीच प्रश्नावली ‘सरावासाठी’ स्वतःवर भरायलाही सांगत नाही, कारण भरलेल्या उत्तराची जबाबदारी घेणारे कोणी वर्गात नसते. ताणाच्या विषयावर आठवडे चर्चा चालते तेव्हा कोणाला तरी आतून काही जाणवणारच, हे गृहीत धरून टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक पहिल्या दिवशीच फळ्यावर लिहावा. तो केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू केलेला आहे, मोफत आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते.

डेटासेटमध्ये एक गोष्ट नाही आणि तिची उणीव प्रत्येक गटाला जाणवते. प्रश्न कोणते विचारावेत, हे त्या ४८ जणांना कोणी विचारल्याचे कुठे दिसत नाही. विनोदांवरचा प्रश्न सोडला तर सारे संशोधकाच्या बाजूचे आहे. म्हणून सत्राच्या शेवटच्या तासांत मी वर्गाला एवढेच काम देतो: हाच अभ्यास तुमच्यावर करायचा असता, तर कोणते प्रश्न तुम्ही काढले असते, कोणते घातले असते आणि कोणती नोंद कदापि करू दिली नसती? मायक्रोफोनला जवळपास सगळे गट नकार देतात. जागेच्या नोंदीला मुलींचे गट अधिक ठामपणे नकार देतात, आणि कारण सांगताना संशोधकाचे नाव न घेता घरच्यांचे घेतात. घालायच्या प्रश्नांत फी भरण्याची मुदत, शिष्यवृत्तीचे न आलेले पैसे, घरून आलेले फोन, मेसचे जेवण आणि स्पर्धा परीक्षेचा निकाल हे येतात. जेवणाच्या जागांविषयीचा एक प्रश्न सोडला तर यांपैकी काही मूळ अ‍ॅपमध्ये नाही. एका गटाने, उत्तरांचा सारांश दर आठवड्याला ज्याचा त्याला परत मिळाला पाहिजे अशी अट घातली होती, आणि माझ्या मते अशा कोणत्याही अभ्यासाच्या संमतीपत्रात ती पहिल्या पानावर असावी.

याच संशोधकांच्या गटाने पुढे २०१७ पासून दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांचा चार वर्षे पाठपुरावा केला, त्यात करोनाचा काळही आला, आणि ती माहितीही खुली झाली आहे. विद्यावाचस्पती पदवीसाठी काम करणाऱ्याने किंवा ज्याला काळाच्या ओघातले बदल अभ्यासायचे आहेत त्याने थेट तिकडे जावे. पदव्युत्तर वर्गाच्या एका सत्रासाठी मात्र २०१३ चा छोटा संचच सोयीचा आहे, कारण तो एका बैठकीत नजरेखालून घालता येतो आणि त्यातले खड्डे हाताने चाचपता येतात. नव्याने घेणाऱ्या शिक्षकांनी संवेदकांच्या फोल्डरला पहिले चार तास हातही लावू नये. ताणाच्या प्रश्नाची एकाच विद्यार्थ्याची फाइल, पर्यायांची यादी आणि सबमिशनच्या तारखा एवढ्यावर सुरुवात करावी, आणि वेळेचा पट्टा पहिल्याच ओळीत न्यूयॉर्कचा लावून घ्यावा.